बांधावरचा माणूस

आषाढ लागला की महाडच्या बाजारपेठेत माल वर चढतो. साखरेची पोती, कापडाचे तागे, वह्यांचे गठ्ठे, सगळं तळमजल्यावरून माळ्यावर जातं. कुणी कुणाला सांगत नाही. एका सकाळी एखाद्या दुकानाबाहेर शिडी दिसते आणि दुपारपर्यंत पेठेत शिड्याच शिड्या होतात. मी राहतो त्या खोलीच्या खाली कटलरीचं दुकान आहे. त्याचे शेठ दरवर्षी दारात येऊन तेच विचारतात, "साहेब, चार खोकी ठेवू का तुमच्याकडे? सावित्रीच्या पाण्याचं काही सांगता येत नाही." मी ठेवा म्हणतो. मग चाराची चौदा होतात, आणि श्रावण संपेपर्यंत खोलीत बांगड्यांच्या आणि टिकल्यांच्या खोक्यांमधून वाट काढावी लागते. पाय लागला की काहीतरी किणकिणतं.

यंदाही शिडी दिसली. एका सकाळनंतरचा हा तिसरा पावसाळा. गेले दोन मी खोली खोक्यांवर सोडून, कामाच्या निमित्ताने पुण्याला पळून काढले. यंदा पळायचं नाही असं ठरवून इथे राहिलो आहे.

मी बोलणारा माणूस नाही. पुण्याला असलेली माझी बायको म्हणते, तुला काही विचारायचं म्हणजे विहिरीत दगड टाकून कान देऊन बसायचं. खरं आहे. पण काही गोष्टी न बोलल्याने आतल्या आत मुरत नाहीत, कुजतात. ओल्या पेंढ्यासारख्या. वरून सोनेरी दिसतं, हात घातला की आत गरम लागतं.

माझं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडे आहे. गावाला दोन वाड्या. खालच्या वाडीत शाळा, दुकान, पाण्याची टाकी आणि मोबाइलची रेंज. वरच्या वाडीत नऊ घरं आणि रेंज नाही. दोन्हींच्या मधून पऱ्या वाहतो, उन्हाळ्यात ज्यात पोरं गोट्या खेळतात आणि आषाढात ज्याच्याकडे कुणी पाठ करून उभं राहत नाही.

आमच्याकडे लावणी सावडीने व्हायची. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या. बायका राबातली रोपं काढून मुठी बांधायच्या, गडी बैल घालून चिखलणी करायचे, आम्ही पोरं मुठी फेकायचो, आणि मग ओळीने सगळे वाकायचे. चिखलाचा वास, बैलांच्या ओल्या अंगाचा वास, डोक्यावरच्या प्लास्टिकवर पावसाचा एकसुरी ताशा. ओणवं राहून राहून कंबर अशी व्हायची की सरळ उभं राहणं हीच शिक्षा वाटायची. आणि ह्या सगळ्यात एक माणूस मात्र काहीच करायचा नाही. गंगाराम तात्या.

तात्या वरच्या वाडीचे. घोंगडी पांघरून बांधावर उभे राहायचे. हातात काठी. वर डोंगराकडे बघायचे, पऱ्याकडे बघायचे, मधूनच काठीने बांधाचं तोंड उकरून पाणी सोडायचे, की पुन्हा उभे. आम्हा पोरांना वाटायचं हे बरं आहे. त्यांचा मुलगा प्रकाश माझ्या वर्गातला. तोच सगळ्यात मोठ्याने ओरडायचा, "ओ बापूस, जरा वाका की आमच्यासंगं. घोंगडीला मुळं फुटतील."

"तुम्ही लावा," तात्या म्हणायचे. "मी पानी बघतो."

एवढंच. चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून दुसरं उत्तर ऐकलं नाही. एकदा मात्र सगळे वाकलेले असताना त्यांनी अशी हाळी दिली की बायकांच्या हातातल्या मुठी सुटल्या. आम्ही चरफडत बांधावर चढलो. पाऊस तर तेव्हा थांबल्यासारखाच होता. अर्ध्या घटकेत पऱ्या तांबडा होऊन, झाडाच्या फांद्या घेऊन, आम्ही उभे होतो त्या खाचरातून गेला. वर घाटात कोसळलेला पाऊस आम्हाला दिसलाच नव्हता. तात्यांना पाण्याचा रंग बदललेला दिसला होता. रोपं गेली, माणसं राहिली. त्या दिवसानंतर प्रकाश त्यांना वाका म्हणाला नाही. आठवडाभर तरी.

हे सगळं मला पुण्यातल्या ऑफिसच्या काचेच्या खोलीत आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

आमची टीम सहा माणसांची. डोंगरात बसवलेली पर्जन्यमापकं दर थोड्या वेळाने आकडे पाठवतात, आमचा प्रोग्रॅम ते बघतो, आणि कुठल्या वाडीवर दरडीचा धोका वाढला की त्या वाडीच्या यादीतल्या मोबाइल नंबरांवर इशाऱ्याचा मेसेज पाठवतो. काम माझ्या जिव्हाळ्याचं होतं. आमच्या तालुक्याच्या याद्या तर मी स्वतः वाडी-वाडी फिरून केल्या होत्या, वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्यानंतर एआय आला. आधी तो आमच्या चुका दाखवायचा. मग कोड लिहायला लागला. मग लिहिलेलं तपासायलाही लागला. सहा माणसांचं आठवड्याचं काम तो चहा निवेपर्यंत करायचा, आणि दमायचा नाही, रुसायचा नाही.

तेव्हा मेधाने वाटणी काढली. मेधा आमच्याकडे तपासणीचं काम बघायची. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण टीममध्ये सगळे तिलाच वचकून. तिने फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे एआय, उजवीकडे माणूस.

"सर, आत्ताच ठरवू. नाहीतर सगळं सगळ्यांचं होईल आणि मग कुणाचंच राहणार नाही."

डावी बाजू भराभर भरली. कोड लिहिणं, चाचण्या चालवणं, याद्या साफ ठेवणं, चुकीचे आणि दुबार नंबर शोधणं, अहवाल तयार करणं. उजवी बाजू रिकामी राहिली तेव्हा आम्ही सगळे थोडे ओशाळून हसलो. कुणीतरी म्हणालं, उजवीकडे लिहा, चहा पिणे. मेधा हसली नाही. तिने लिहिलं: 'एआयने केलेला प्रत्येक बदल वाचून मंजूर करणे.' आणि मागे वळून विचारलं, "पोलादपूर-महाड कुणाकडे?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. "गाव आहे माझं."

तिने माझं नाव लिहिलं. दिनकर. त्यापुढे कंस करून 'गाव माहीत आहे'. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. वाकायचं काम दुसऱ्याचं, मी नुसता बघणार.

पहिला महिना मी प्रत्येक बदल ओळ न् ओळ वाचला. त्यात चूक सापडली नाही. दुसऱ्या महिन्यात मी ठळक ओळी वाचल्या. चूक सापडली नाही. मग फक्त मथळा. हे आळशीपणाने झालं असतं तर कळलं तरी असतं. ते विश्वासाने झालं, आणि विश्वास बाहेरून फार चांगला दिसतो. मी टीमला सांगायचो, अहो, आपल्यापेक्षा तो जास्त काळजी घेतो. ते खोटंही नव्हतं.

त्याच सुमाराला आई आजारी म्हणून मी महाडला खोली घेतली आणि इथूनच काम करू लागलो. आई त्या उन्हाळ्यात गेली. खोली मी सोडली नाही. फोनवर 'मंजुरी हवी' असं यायचं, मी अंगठा टेकवायचो. दाढी करताना, एसटी स्टँडवर, एकदा तर स्मशानातून परतताना. पाहुणा आला की दार उघडतो तसा अंगठा आपोआप पुढे व्हायचा.

ज्येष्ठातली ती दुपार मला तुकड्या-तुकड्यांत आठवते. मी बाजारात चिंबोऱ्या घेत होतो. पहिल्या पुराच्या चिंबोऱ्या, काळपट, भरलेल्या. विकणारी बाई एकेकीच्या नांग्या गवताने बांधत होती.

"ही घे, दादा, ही भरलेली हाय. दाबून बघ."

"बघायला काय, तू सांगतेस ना."

"मी सांगीन काय बी. घेणाऱ्यानं बघावं," ती हसून म्हणाली. "घरी गेल्यावर बायको विचारल तुला, मला नाय."

फोन वाजला. मी एका हातात पिशवी धरून दुसऱ्या हाताने अंगठा टेकवला. चिंबोरी मात्र दाबून बघितली.

त्या बदलासोबत एआयने एक टीप लिहिली होती. मूळ इंग्रजीत होती, पण इतक्या वेळा वाचली आहे की आता ती मला मराठीतच आठवते. 'या तालुक्याच्या याद्यांमध्ये काही नंबर मुंबईचे दिसतात. ही माणसं वाडीत राहत नसतील तर त्यांना इशारा पाठवून उपयोग नाही, म्हणून हे नंबर वगळावेत असं मी सुचवतो. पण ते मुळात का दिले गेले हे मला माहीत नाही. त्यामागे काही कारण असू शकतं. गाव माहीत असलेल्या माणसाने हे ठरवावं.'

गाव माहीत असलेला माणूस चिंबोऱ्या घेत होता.

कारण होतं. मला ते माहीत होतं, आणि ते मला तात्यांनीच त्यांच्या पडवीत बसून समजावलं होतं. आमच्या वाड्यांमध्ये घराचा नंबर म्हणून मुंबईच्या मुलाचा नंबर देतात. रेशनच्या कागदावर तोच, शाळेच्या दाखल्यावर तोच, दवाखान्यात तोच. घरात फोन असला तरी तो टाकीपाशी गेल्याशिवाय लागत नाही. यादीसाठी मी वही उघडली तेव्हा तात्या म्हणाले होते, "माझा कसला नंबर? पक्याचा लिव."

"तात्या, प्रकाश मुंबईला असतो. इशारा तुम्हाला पाहिजे."

"तुला शिकून काय कळलं रे? ऐक. पक्याला मेसेज येनार. तो पहाटंच कामावर जायला उठतो. तो सख्याला फोन लावनार. सख्याचं दुकान खाली, तिथं रेंज हाय. सख्या दारात येऊन हाळी देनार. दोन हाळ्यांत मी उठतो. तुझ्या मशीनपरीस लवकर."

तात्यांची बायको, आमच्या काकी, आतून म्हणाल्या, "दोन हाळ्यांत उठतात म्हनं. मी पाच हाका मारते तवा कूस बदलतात."

"तुझी हाक रोजची. सख्याची कामाची."

मी हसून लिहिलं. मुंबईचा नंबर, वरच्या वाडीच्या यादीत. वाडीच्या नऊ घरांपैकी सात घरांनी असेच मुंबईचे नंबर दिले. त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात एकदा इशारा गेला, तो मुंबईला गेला, मुंबईहून सख्याच्या दुकानात आला, आणि सख्याच्या हाळीने वरची वाडी उठून खाली शाळेत येऊन बसली. त्या वेळी दरड आली नाही. सगळे दिवसभर शाळेत पत्ते खेळले आणि संध्याकाळी माझी टिंगल करत घरी गेले. पण रस्ता चालतो हे सगळ्यांनी बघितलं. डोंगरावरून निघालेली गोष्ट मुंबईला वळसा घालून पुन्हा त्याच डोंगरावर पोचते, हे नकाशावर बघणाऱ्या कुणालाही वेडेपणा वाटेल. आम्हाला वाटत नाही. आमच्याकडे सगळंच असं पोचतं. मुलीचं स्थळ, बाळंतपणाची बातमी, गणपतीला कोण येणार कोण नाही, सगळं मुंबईला जाऊन येतं.

त्या सकाळबद्दल मी फार लिहिणार नाही. खाली पाऊस उघडल्यासारखा होता. वर घाटात कोसळत होता. उजाडता उजाडता आमच्या प्रोग्रॅमने वरच्या वाडीसाठी इशारा काढला, अगदी वेळेवर. सात नंबर यादीत नव्हते. उरलेले दोन वाडीतच होते, रेंजच्या बाहेर. माझ्या पडद्यावर वरच्या वाडीपुढे हिरवी खूण आली: पाठवले. मी चहा घेत ती खूण बघितली. दोन नंबर असं तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तेही माझ्या डोळ्यांसमोर होतं.

दीड-दोन तासांनी तात्यांच्या गोठ्यामागचा डोंगर सुटला. तात्या बैलांना पेंढा घालत होते. काकी दूध घेऊन खालच्या वाडीत गेल्या होत्या, म्हणून राहिल्या. बाकीची घरं दहा-वीस पावलांनी वाचली. तात्या आणि दोन बैल तिसऱ्या दिवशी सापडले.

मी पोचलो तेव्हा सगळीकडे ओल्या लाल मातीचा वास होता. तोच वास. चिखलणीचा. मला त्या वासाचा राग आला, एखाद्या ओळखीच्या माणसाने वाईट वेळी हसून बघितल्यावर यावा तसा.

प्रकाश मुंबईहून आला होता. रेल्वे बंद, एसटी बंद, माणगावपासून कुणाच्या तरी टेम्पोत आलेला. तो रडत नव्हता. शाळेच्या पायरीवर बसून फोनमध्ये मागचे मेसेज बोटाने वर-खाली करत होता. मला बघून त्याने फोन पुढे केला.

"दिन्या, हा बघ मागच्या वर्षीचा. आला होता. या वेळेला का नाय आला रे? मी उठलेलो होतो. डबा भरत होतो. फोन हातात होता माझ्या."

मी तो जुना मेसेज वाचला. मग म्हणालो, "मशीनने काढला नंबर. मुंबईचा आहे म्हणून."

त्याने मान हलवली. हळू, समजल्यासारखी. "मशीनला काय ठाव आपल्याकडचं," तो म्हणाला. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तरी काय करशील."

तो हात अजून खांद्यावर आहे. ह्याहून नेमकं मला सांगता येत नाही. आंघोळीचं पाणी अंगावर घेताना, शेठची खोकी उचलताना, नेमक्या त्याच जागी वजन जाणवतं. त्याने मला शिवी दिली असती, कॉलर धरली असती, तर ती खूण कधीतरी निघाली असती.

पुण्याला परतून मी अहवाल लिहिला. 'स्वयंचलित यादी-शुद्धीकरणामध्ये काही क्रमांक वगळले गेले.' त्या वाक्यात एकही माणूस नव्हता. वाक्य खरं होतं म्हणून ते पुढे सरकत गेलं, वरच्या लोकांनी वाचलं, माना हलवल्या, एआयवर आणखी बंधनं घालायचं ठरलं. एआयने निषेध केला नाही. त्याची ती टीप तिथेच होती, कुणीही उघडून वाचावी अशी, आणि तिच्याखाली माझं नाव, वेळ आणि 'मंजूर'. तो माझ्यावर बोट दाखवू शकत नव्हता, आणि मला ते सोयीचं होतं. आयुष्यात मी बरीच माणसं बघितली जी दुसऱ्यावर ढकलतात. ज्याला तोंडच नाही त्याच्यावर ढकलणारा मी निघालो.

मेधाने टीप उघडून वाचली होती. एक दिवस सगळे जेवायला गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर, एक विचारू? तुम्ही वाचलं होतं का?"

"घाईत होतो त्या दिवशी."

"त्याने विचारलं होतं, सर." तिचा आवाज चढला नव्हता. "उत्तर माहीत असलेला आख्ख्या टीममध्ये एकच माणूस होता, त्यालाच विचारलं होतं."

मी पडद्याकडे वळलो. ती थोडा वेळ उभी राहिली, विहिरीकडे कान देऊन. मग गेली. तिने कुणाला सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात मंजुरीची पद्धत बदलली. आता नुसता अंगठा चालत नाही. काय बदललं आणि ते बरोबर का, हे मंजूर करणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या. तरुण पोरं कुरकुरली, वेळ जातो म्हणाली. मी कुरकुरलो नाही. सात नंबर मी परत घातले, तालुक्यातले सगळे घातले. ती सात ओळींची यादी मी इतकी वाचली आहे की डोळे मिटले तरी दिसते.

अलीकडे सभांमधून लोक विचारतात, एआयकडे काय द्यायचं आणि माणसाकडे काय ठेवायचं. हुशार उत्तरं ऐकायला मिळतात. माझ्या डोळ्यांसमोर मेधाचा फळा नसतो, खाचर असतं. वाटणी चूक नव्हती. ज्याला वाकता येतं तो वाकला. ज्याने बांधावर उभं राहायचं तो बांधावर होता, फक्त त्याची पाठ पऱ्याकडे होती. ह्यापलीकडे मला एआयबद्दल काही कळलेलं नाही.

परवा सकाळी वर गेलो. एसटी पोलादपूरला सोडून पुढे वडापच्या जीपने. खाचरं भरलेली, पण सावड आता उरली नाही. पॉवर टिलरचा आवाज येतो, चार माणसं लावतात, बाकी खाचरं पड. बांधावर कुणी नव्हतं. वरच्या वाडीत, तात्यांच्या घराच्या जागी, दरडीवर हिरवळ आली आहे, बाजूच्या डोंगरापेक्षा जरा जास्तच पोपटी. अनोळखी माणसाला ती जागा सुंदर वाटेल.

काकी आता खालच्या वाडीत, शाळेमागे पत्र्याच्या खोलीत राहतात. वरची सगळीच कुटुंबं खाली राहायला आली आहेत. दारात बसून त्या टाकळा निवडत होत्या. मला बघून सरकल्या, पाट दिला.

"दिनू, सुकलास रे. बायको पुन्याला नि तू महाडला, काय खातोस?"

"खातो काहीतरी."

"काहीतरीच खात असशील. बस. भाकरी टाकते."

"काकी, आधी ऐका. नंतर टाकावीशी वाटली तर टाका."

आणि मी सांगितलं. मशीनने नंबर काढला हे खरं, पण काढण्याआधी त्याने मला विचारलं होतं. लिहून विचारलं होतं. मी बाजारात उभा होतो, न वाचता हो म्हटलं. वाचलं असतं तर नाही म्हटलं असतं, कारण तात्यांनी मला सगळं समजावलं होतं. आणि मग प्रकाशला मी अर्धंच सांगितलं. एवढं बोलायला मला तीन पावसाळे लागले होते आणि बोलून झाल्यावर फारतर तीन मिनिटं झाली असतील.

काकींचे हात थांबले नाहीत. देठ एकीकडे, पानं सुपात. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"बाजारात होतास?"

"हो."

"काय घेत होतास?"

"चिंबोऱ्या."

त्यांनी मान हलवली. बरीच पानं निवडून झाल्यावर म्हणाल्या, "मी पन एक बोलले नाय कुनाला. पक्याला बी नाय. त्या सकाळी मी म्हटलं त्यांना, दूध घेऊन खाली जाते, तुम्ही पऱ्या बघून या. रोज जायाचे. उजाडलं की पयला पऱ्या, मग चूळ. पन तुझा मेसेज आल्यापासून, म्हंजे आदल्या पावसाळ्यापासून, जायाचे बंद झाले होते. गुडघे दुखायचे. त्या दिवशी बी म्हनाले, कशाला जाऊ."

त्यांनी एक जून देठ मोडून बाजूला टाकला.

"म्हनाले, दिनू बघतोय."

सुपातलं एक पान उडून माझ्या पायाशी पडलं. ते उचलून परत सुपात टाकायला मला फार वेळ लागला. तात्यांनी त्यांचं काम मला दिलं होतं. फळ्यावर नव्हे, कागदावर नव्हे. चाळीस वर्षं ज्या बांधावर त्यांनी दुसऱ्याला उभं राहू दिलं नाही, त्या बांधावरून ते माझ्या भरवशावर उतरले होते. आणि मला ते ठाऊकही नव्हतं.

"म्हनून सांगितलं नाय," काकी म्हणाल्या. "तुला लागलं असतं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले.

"पक्याला सांगनार?"

"तुम्ही सांगाल का?"

"मी नाय सांगनार. तू सांग. तू अर्धं सांगितलंस, उरलेलं बी तूच सांग." आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. काम सांगतात तसा होता. "आत्ता सांग. गणपतीला येईल तवा सांगीन म्हनशील नि पुन्हा पुन्याला जाशील. नंबर देते, लाव."

मी फोन काढला. काकींना स्वतःचा नंबर पाठ नाही. त्यांना एकच नंबर पाठ आहे. डोळे मिटून, एकेक आकडा वेगळा करून, जसं लहानपणी पाढा म्हणायचो तसा त्या तो म्हणू लागल्या. मला तो त्यांच्याआधी माहीत होता. सात ओळींतली तिसरी ओळ. पण मी प्रत्येक आकड्याला थांबलो आणि त्यांनी म्हटल्यावरच बोट टेकवलं.

"बघ परत, बरोबर हाय का," त्या म्हणाल्या.

मी पहिल्यापासून वाचून दाखवला.

"हाय. आता लाव."

खोलीत पत्र्यामुळे आवाज नीट येत नाही, म्हणून बाहेर टाकीपाशी गेलो. तिथून पऱ्या दिसतो. पहिल्या घंटेलाच त्याने उचलला. आमच्याकडून पावसात फोन गेला की तिकडे पहिल्याच घंटेला उचलतात.

"दिन्या? काय झालं रे? आये बरी हाय ना?"

"बरी आहे. तिच्याकडूनच बोलतोय."

त्याने श्वास सोडलेला ऐकू आला. मागे कुठेतरी यंत्रांची घरघर होती. "मग बोल. पाऊस किती हाय? पऱ्याला पानी कसं हाय?"

तोंडाशी उत्तर आलं होतं, ठीक आहे म्हणून. मी ते गिळलं. "थांब," मी म्हणालो, "बघून सांगतो." फोन कानाला तसाच धरून मी उतरलो, पार काठापर्यंत. पाणी गढूळ होतं पण तांबडं नव्हतं. फांद्या येत नव्हत्या. मोठा मधला धोंडा अजून वर दिसत होता.

"धोंडा दिसतोय," मी सांगितलं. "रंग बदललेला नाही."

"हां. मग काय नाय."

"आहे, प्रकाश," मी म्हणालो. "जरा बाजूला ये. तुला उरलेलं सांगायचंय."

यंत्रांची घरघर हळूहळू लांब जाऊ लागली. तो चालत होता. मी पऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो.